वाईट बातमी मालकापर्यंत पोचते का?

नाशिकच्या उद्योजकांची बैठक निमाची असो की आयमाची, म्हणजे इथल्या दोनपैकी कुठल्याही उद्योजक संघटनेची, बोलणं फिरून फिरून एका मागणीवर येतं: नाशिकला एखादा मोठा उद्योग द्या. मायको (आताची बॉश) आली, विमानं बनवणारी एचएएल आली, महिंद्रा आली. त्यानंतर त्या तोडीचं काही आलं नाही. पुणे कधीच पुढे निघून गेलं, छत्रपती संभाजीनगरात नवे प्रकल्प येताहेत आणि आपण अजून रस्ते, वीज आणि घरपट्टीवर निवेदनं देतोय. तक्रार खरी आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर तिला आणखी धार आली, कारण आता अंतराची सबब सांगता येत नाही. मोठा उद्योग यावा असं मलाही मनापासून वाटतं.

मात्र जे उद्योग इथे आहेतच ते का वाढत नाहीत, हा प्रश्न त्या बैठकांत निघत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत असे कितीतरी कारखाने आहेत, ज्यांच्या मालकांनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून एका शेडमध्ये एका लेथवर सुरुवात केली. काम चोख, नाव चांगलं. दहा वर्षांत पन्नास-साठ माणसं झाली. नंतर सीएनसी, व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी मशीन आली, एखाद्यानं सिन्नरला दुसरा प्लॉट घेतला, पण कारखाना आकारानं जिथे होता तिथेच राहिला. विचारलं तर भांडवल नाही, माणसं मिळत नाहीत, मोठ्या कंपन्या दर वाढवून देत नाहीत ही कारणं येतात. तीही खरी आहेत. तरीही त्याच गल्लीत, त्याच ग्राहकाचं काम करणारा, त्याच बँकेतून कर्ज घेतलेला एखादा कारखाना चौपट झालेला असतो. या भागातल्या कारखान्यांत गुणवत्तेचं काम करत मी बरीच वर्षं काढली आहेत आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. फरक मालकाच्या केबिनच्या दारात पडतो. एकाच्या दारातून वाईट बातमी आत जाते, दुसऱ्याच्या दारातून जात नाही.

एक उदाहरण देतो. अशी उदाहरणं या पट्ट्यात रोज घडतात, म्हणून कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये एका डायला, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याला, बारीक तडा गेला. पार्टच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, यायला लागली. ऑपरेटरच्या बोटाला ती पहिल्याच दिवशी कळली. त्यानं सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, आज साहेबांचा मूड नाही, उद्या बघू. उद्या डिस्पॅचची घाई होती. परवा साहेब बँकेत गेले होते. दरम्यान माल ग्राहकाकडे पोचला, तिथल्या लाइनवर अडकला, फोन आला आणि रात्रीतून चार पोरं तिकडे सॉर्टिंगला, म्हणजे खराब माल निवडून वेगळा काढायला, पाठवावी लागली. पाठोपाठ नुकसान आपल्या बिलातून कापून घेणारी डेबिट नोट आली. डाय दुरुस्त करायला जेवढा खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट पैसे गेले आणि ग्राहकाच्या व्हेंडर रेटिंगमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या क्रमवारीत, कंपनी खाली घसरली ती वेगळीच.

यानंतर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘कोणाच्या शिफ्टला झालं?’ खोलीतल्या प्रत्येकानं त्या क्षणी एकच हिशोब केला: आपलं नाव यातून बाहेर कसं ठेवायचं. ‘हे आपल्याला सगळ्यात आधी कधी कळलं?’ असं त्यांनी विचारलं असतं, तर ऑपरेटरला पहिल्या दिवशी कळलं होतं हे बाहेर आलं असतं आणि तीन दिवस ती बातमी कुठे अडकली हेही दिसलं असतं. तसं न झाल्यामुळे दोष ऑपरेटरच्या गळ्यात पडला. म्हणजे ज्या एकाच माणसानं तोंड उघडलं होतं, त्यालाच शिक्षा झाली. पुढच्या वेळी त्याच्या बोटाला बर लागली तर तो काय करेल, हे सांगायची गरज नाही.

मालकाचं वागणं धंद्याला कसं तारतं किंवा मारतं याबद्दल खूप बोललं जातं: पहाटे उठा, वेळ पाळा, वाचन ठेवा, नेटवर्क वाढवा, आत्मविश्वासानं बोला. यातलं काही चुकीचं नाही. पण मी पाहिलेल्या यशस्वी मालकांत उशिरा उठणारे होते, अबोल होते, इंग्रजी न येणारेही होते. अपयशी ठरलेल्यांत कमालीचे कष्टाळू लोक होते. कष्ट तर जवळजवळ सगळेच करतात. कंपनीत काय बिघडलंय हे ज्याला सर्वात शेवटी कळतं, तो मालक कष्ट करूनही हरतो.

आणि मालकाला हे शेवटी का कळतं, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या रोजच्या सवयींत असतं. शॉपवर सगळ्यांसमोर झापणं ही सर्वात दिसणारी सवय. अलीकडे तिला व्हॉट्सॲपची जोड मिळाली आहे. रात्री अकराला कंपनीच्या ग्रुपवर खराब पार्टचा फोटो आणि खाली कामगाराचं नाव पडतं. मग वीस जण हात जोडल्याचं चिन्ह टाकतात. त्या माणसाच्या घरी बायको-मुलं बाजूला बसलेली असतात, हा विचार फोटो टाकणाऱ्याच्या मनात येत नाही. असा एक फोटो पडला की त्या ग्रुपवर खरी बातमी येणं बंद होतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि ‘डिस्पॅच झाला सर’ एवढंच उरतं.

दुसरी सवय कमी दिसते आणि जास्त नुकसान करते. सरळ मार्गानं बातमी येईनाशी झाली की मालक आपला एक माणूस ठेवतो. तो स्टोअरमधला असतो, कधी ड्रायव्हर असतो, कधी गावाकडचा नातलग असतो. कोण काय बोललं, कोण उशिरा आला, कोण दुसरीकडे मुलाखत देऊन आला हे तो संध्याकाळी केबिनमध्ये सांगतो. मालकाला वाटतं, आता आपल्याला सगळं कळतं. खरं तर इथून त्याचे डोळे झाकले जातात, कारण त्या माणसाला माणसांबद्दल सांगता येतं, मशीनबद्दल सांगता येत नाही. शिवाय अशी चहाडी सुरू झाली की प्रामाणिकपणे काही सांगायला केबिनमध्ये जाणाराही चहाडखोर दिसायला लागतो. चांगला सुपरवायझर मग केबिनची पायरी चढायचं टाळतो. खबऱ्या ठेवून मालक एक कान मिळवतो आणि साठ तोंडं बंद करतो. ही सवय मी जितक्या ठिकाणी पाहिली, तितक्या ठिकाणी चांगली माणसं आधी सोडून गेलेली पाहिली.

तिसरी सवय प्रत्येक सहीची. आठशे रुपयांचं बेअरिंग आणायचं तरी मालकाची सही, आणि मालक गंगापूर रोडच्या लॉन्सवर कुणाच्या तरी लग्नात. मशीन चार तास उभं. मालकाला हे काटकसरीचं वाटतं. मशीन उभं राहिल्याचा तासाचा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, म्हणून बेअरिंगचे आठशे तेवढे दिसतात.

या सवयींना आपल्याकडे ‘त्यांचा स्वभावच तसा आहे’ म्हणून माफ केलं जातं. मला ते पटत नाही. याच मालकाकडे मोठ्या कंपनीचा पर्चेस मॅनेजर आला की आवाज कसा ताब्यात असतो! बँकेचा अधिकारी स्टॉक तपासायला आला की त्याचे कडू प्रश्न शांतपणे ऐकून घेतले जातात. ऐकण्याची क्षमता आहे. ती खालच्या माणसांसाठी वापरली जात नाही, एवढंच. जे वरच्यासमोर जमतं, ते स्वभावाबाहेरचं कसं म्हणायचं?

मालकाची बाजूही इथे समजून घ्यायला हवी. ज्या सवयी आज कारखान्याला अडवतात, त्याच सवयींनी तो उभा केलेला असतो. सुरुवातीला कुणावर विसंबून चालत नाही. नातेवाईक म्हणतात नोकरी सोडू नकोस, बँक म्हणते तारण आण, ग्राहक म्हणतो आधी सॅम्पल दाखव. अशा वेळी जो कुणाचं ऐकत नाही, स्वतः रात्रभर मशीनवर उभा राहतो, तोच टिकतो. पाच माणसांच्या शेडमध्ये मालकाला सगळं दिसतं, कुणी सांगायची गरजच नसते. पन्नास माणसं झाली की दिसणं थांबतं आणि ऐकणं सुरू करावं लागतं. पण तोवर न ऐकण्यानं इतकं यश दिलेलं असतं की ती सवय सोडणं त्याला स्वतःशी बेइमानी वाटते. हे दुखणं खरं आहे आणि मला त्याबद्दल सहानुभूती आहे.

नाशिकनं हे शंभर वर्षांपूर्वी एकदा फार मोठ्या माणसाच्या बाबतीत पाहिलंय. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं नाव आपण चित्रपटासाठी घेतो, पण ते उद्योजकही होते. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून त्यांनी छपाईचा व्यवसाय उभा केला, त्यासाठी जर्मनीला जाऊन आले आणि भागीदाराशी मतभेद होऊन चाललेला छापखाना सोडून बाहेर पडले. पुढे चाळिशी ओलांडल्यावर चित्रपटाचं वेड घेतलं आणि त्यापायी डोळ्यांची दृष्टीही काही काळ गमावली. पैसेवाल्यांना पटावं म्हणून त्यांनी वाटाण्याचं रोप उगवतानाचं चित्रण करून दाखवलं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक केला, फिल्मला छिद्रं पाडण्याचं कामही केलं. १९१३ मध्ये पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट पडद्यावर आला आणि त्याच वर्षी फाळके नाशिकला बिऱ्हाड घेऊन आले. ही सगळी न ऐकण्याची, हट्टाची कमाई होती. दुसऱ्या कुणाला ती जमली नसती.

१९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांना बरोबर घेऊन नाशिकलाच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी सुरू झाली. आता पैसा होता, लोकप्रियता होती, चित्रपट चालत होते. आणि दीड-दोन वर्षांत फाळके आणि भागीदार यांचं फाटलं. खर्च किती, वेळ किती, निर्णय कुणाचा यावर खटके उडाले. फाळके कंपनी सोडून काशीला निघून गेले, तिथे नाटक लिहिलं, आणि १९२२ मध्ये त्याच कंपनीत पगारावर परत आले. स्वतः जन्माला घातलेल्या धंद्यात, स्वतःच्या नाशिकमध्ये, ते पगारदार झाले. १९४४ मध्ये नाशिकलाच त्यांचं निधन झालं तेव्हा ज्या उद्योगाचे ते जनक होते तो मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात बहरला होता.

भागीदारांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पैसे घालणाऱ्यांना कलाकाराची घालमेल कळत नाही, हे तेव्हाही होतं. पण छापखान्यात एकदा आणि चित्रपट कंपनीत पुन्हा, दोन्ही वेळा काम उत्तम चाललेलं असताना भागीदारी मोडावी, यात काहीतरी शिकण्यासारखं नक्की आहे. खर्चाबद्दलचा भागीदाराचा आक्षेप हा आपल्या निर्मितीवरचा घाला वाटायला लागला की पुढचं संभाषण संपतं. फाळक्यांची प्रतिभा असलेला माणूसही तिथे हरला. आपण सातपूरला ब्रॅकेट आणि बुश बनवणाऱ्यांनी तरी त्या वाटेनं जाऊ नये.

आक्षेप ऐकून घेतल्यानं कामात खरंच फरक पडतो का, असं विचारणारे मालक भेटतात. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या टीमच्या हातून कमी चुका होतील असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. ज्या विभागांत वरिष्ठ आणि परिचारिका यांचे संबंध चांगले, तिथे चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर दिसलं की तिथले लोक चूक झाली की बोलत होते, बाकी ठिकाणी ती दाबली जात होती. आपल्याकडे महिन्याच्या मीटिंगमध्ये इनहाउस रिजेक्शनचा, म्हणजे कारखान्यातच बाद झालेल्या मालाचा, आकडा कमी दिसला की टाळ्या वाजतात. त्याच महिन्यात ग्राहकाच्या तक्रारी वाढल्या असतील तर त्या टाळ्या कशाला वाजल्या हे एकदा तपासून बघावं.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरच्या साध्या कामगाराला काही खटकलं तर तो दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. मोठ्या ग्राहकांच्या ऑडिटमुळे नाशिकच्या अनेक कारखान्यांतही ही व्यवस्था आली: हिरवा, पिवळा, लाल दिवा आणि खाली बटण. दिवे छान आहेत. मी ऑपरेटरना विचारतो, शेवटचं लाल बटण कधी दाबलं होतं? बहुतेक जण आधी सुपरवायझरकडे बघतात. यंत्रणा विकत घेता आली, तिच्यामागचं वागणं विकत मिळालं नाही. टोयोटात दोरी ओढणाऱ्याकडे टीम लीडर मदतीला येतो, आपल्याकडे बटण दाबणाऱ्याकडे मालक जाब विचारायला येतो. कामगार दोन्हीकडे सारखाच हुशार आहे.

यावर माझ्याशी नेहमी वाद घातला जातो तो धाकाचा. ‘तुम्ही सल्ला देऊन घरी जाता. मालक मवाळ झाला की पोरं मोबाइल घेऊन बसतात.’ हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण ढिसाळ मालकाचे कारखाने बुडतानाही पाहिलेत. पण कडक असणं आणि बातमीला शिक्षा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिन्नरचे एक मालक मला माहीत आहेत, माळेगावच्या वसाहतीत त्यांच्याइतका कडक माणूस मी बघितला नाही. उशीर चालत नाही, हेल्मेट-बूट नसेल तर आत प्रवेश नाही, मोजमाप न लिहिता पार्ट पुढे गेला तर त्याच दिवशी घरी. त्यांचा अलिखित नियम असा आहे की खराब झालेला पार्ट जो स्वतः आणून दाखवतो त्याला बोलायचं नाही, आणि जो लपवतो त्याला ठेवायचं नाही. हा नियम त्यांनी आपल्या पुतण्यालाही लावला, तेव्हापासून कारखान्यात त्यावर कुणाला शंका राहिली नाही. धाक त्यांच्याकडे भरपूर आहे. तो लपवण्याला आहे.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी हा धडा आपल्या इंजिनीअरिंगवाल्यांपेक्षा फार महाग घेतला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून युरोपनं भारतीय द्राक्षं अडवली. कंटेनर निघून गेले होते, बागायतदारांनी वर्षभर राबून माल पिकवला होता. निर्यातदारांची तेव्हाची मुख्य तक्रार हीच होती की या रसायनाबद्दल आपल्याला वेळेत कुणी सांगितलंच नाही. पुढे ते तपासणीच्या यादीत आलं. आज निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात निर्यातीची बाग असलेला शेतकरी काढणीआधी प्रयोगशाळेचा अंश-अहवाल बघतो आणि तो नापास असेल तर कितीही मोठा बागायतदार असला तरी माल थांबतो. त्या कागदावर चिडून उपयोग नसतो. त्याच काळात विलास शिंदे यांनी दिंडोरी तालुक्यात शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी म्हणून सह्याद्री फार्म्सची उभारणी सुरू केली, आणि मोहाडीचा तो प्रकल्प आज देशातल्या सर्वांत मोठ्या शेतकरी कंपन्यांत गणला जातो. अडचणीच्या वर्षानंतर ज्यांनी पद्धत बदलली ते टिकले. कारखान्यात असा अहवाल देणारी प्रयोगशाळा नसते. ते काम माणसांना करावं लागतं आणि माणसं मालकाचा चेहरा बघून बोलतात.

त्यातली अनेक माणसं तर बोलण्याच्या स्थितीतच नसतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातून आलेली पोरं, बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार, बहुतेक ठेकेदारामार्फत. काही महिन्यांनी कामावरून ब्रेक मिळणार, पुन्हा घेतील की नाही माहीत नाही. अशा माणसानं डायचा तडा कळवावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? खर्च वाचवायला मालक कंत्राटी पद्धत वाढवतो तेव्हा तो आपल्याच कारखान्यातली माहिती कमी करत असतो. पॉवर प्रेसवर बोटं जातात ती बहुतेक वेळा अचानक जात नाहीत. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलाय हे त्या मशीनवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. कायदा यंत्राला संरक्षक कठडा लावायला सांगतो. तो काढलाय हे सांगण्याची हिंमत कायदा देऊ शकत नाही. लाइनवर काम करणाऱ्या बायकांचंही तेच. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. फलकावर नावं असतात, पण त्या नावांकडे जायला मालकाच्या माणसासमोरून जावं लागत असेल तर कुणी जात नाही. म्हणूनच मालकाचा स्वभाव हा त्याचा खासगी मामला आहे असं मी मानत नाही. त्यावर दुसऱ्यांची बोटं आणि अब्रू अवलंबून आहे.

वाईट बातमी स्वतःपासून लपवणारेही मालक असतात आणि ते प्रकरण अधिक खोल आहे. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी जे कबुलीपत्र दिलं, त्यात सात हजार कोटींच्या घरातला घोटाळा होता, पण सुरुवात खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातल्या लहानशा तफावतीपासून झाली असं त्यांनीच लिहिलं होतं. एका तिमाहीत खरा आकडा सांगायचं धैर्य झालं नाही, पुढच्या तिमाहीत ते आणखी अवघड झालं. आपल्या लहान कारखान्यांत हे कॅश क्रेडिटच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी बँकेला दिलेल्या साठ्याच्या हिशोबात, होतं. शेल्फवर पडलेला, न विकला जाणारा माल चांगल्या मालात मोजला जातो, कर्जाची मर्यादा टिकते आणि मालक स्वतःच हळूहळू त्या आकड्यावर विश्वास ठेवायला लागतो. मुलाच्या लग्नाचा खर्च कंपनीच्या खात्यातून निघतो तेही याच धुक्यात.

बिलांच्या बाबतीत मला सर्वात जास्त राग येतो. मोठी कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते म्हणून जो मालक तळतळतो, तोच आपल्या पार्टना मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्याला, ते तापवून कडक करणाऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्याला चार-चार महिने तिष्ठत ठेवतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. हा कायदा अनेक वर्षं फायलीत पडून होता, कारण ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला कुणी धजावत नव्हतं. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्याच्या ४३ब(एच) कलमानं त्याला दात दिले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरला जात नाही. त्यावर काही खरेदीदारांनी पुरवठादारांना लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी उद्यम नोंदणीच काढून टाका म्हणून सुचवल्याच्या तक्रारी आल्या. स्वतः लघुउद्योजक म्हणून सवलती मागायच्या आणि आपल्याहून लहान माणसाला त्याच हक्कातून बाहेर ढकलायचं, हे मला अतिशय हीन वाटतं.

आणि याचा संबंध पुन्हा बातमीशीच आहे. ज्या प्लेटिंगवाल्याचे तुमच्याकडे चार महिन्यांचे पैसे अडकलेत, तो टाकीतलं केमिकल उतरलंय म्हणून तुमचा लॉट थांबवून फोन करणार नाही. आहे तसा माल करून देईल, कारण माल गेल्याशिवाय बिल नाही आणि बिलाशिवाय मागची उधारी निघत नाही. तीन महिन्यांनी गंज दिसेल तेव्हा तो ‘तुम्ही पास केला होता’ म्हणेल. वेळेवर पैसे देणाऱ्या मालकाला असे फोन येतात. मी असे कारखाने पाहिलेत, जिथे जॉबवर्कवाला स्वतः रिक्षातून पार्ट घेऊन येतो आणि म्हणतो, भाऊ, हे बघा, मला बरोबर वाटत नाही.

आता सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांत दुसरी पिढी बसते आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनीअरिंग, एमबीए करून येते, सगळ्या कामाचा हिशोब ठेवणारं ईआरपी सॉफ्टवेअर आणते, डॅशबोर्ड लावते. हे चांगलंच आहे. पण वडिलांसमोर तीच बोलू शकत नसेल तर ऑपरेटर बोलेल ही आशा व्यर्थ आहे. जिथे मुलीनं सर्वांसमोर ‘पप्पा, हा दर आपल्याला परवडत नाही’ म्हटलं आणि वडिलांनी कॅल्क्युलेटर काढला, तो कारखाना पुढच्या वीस वर्षांत वाढेल असं मी खात्रीनं सांगतो.

यासाठी करण्यासारखं बरंच आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कर्ज घेणाऱ्या नव्या उद्योजकाला सहसा प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यात प्रकल्प अहवाल, बँक, मार्केटिंग शिकवतात. पन्नास माणसं झाल्यावर त्यांचं ऐकायचं कसं, यालाही दोन तास द्यावेत आणि ते तास एखाद्या निवृत्त फोरमननं घ्यावेत. मोठ्या ग्राहकांनी व्हेंडर ऑडिटला लाल दिवा आहे का एवढं न बघता, गेल्या सहा महिन्यांत तो कामगारानं किती वेळा लावला आणि नंतर त्या कामगाराचं काय झालं हे विचारावं. ४५ दिवसांवर थकलेल्या देण्यांचं विवरण कंपन्यांना दर सहामाहीला सरकारकडे भरावंच लागतं. निमा आणि आयमानं आपल्या पदाधिकाऱ्यांपुरतं तरी एक पाऊल पुढे जावं: संघटनेच्या निवडणुकीला उभं राहणाऱ्यानं आपण लहान पुरवठादाराला सरासरी किती दिवसांत पैसे देतो हे अर्जासोबत लिहून द्यावं. मालकांचे छोटे गट करावेत, दार बंद करून, फोटो न काढता, ज्यात प्रत्येकानं गेल्या महिन्यात आपल्याला उशिरा कळलेली एक गोष्ट सांगावी. पहिल्या दोन बैठकांना लोक हातची ऑर्डर गेल्याच्याच गोष्टी सांगतील. तिसऱ्या बैठकीत कुणीतरी केबिनबद्दल बोलेल. या सूचना मी दोन्ही संघटनांकडे लेखी देतो आहे आणि येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर त्या घ्याव्यात अशी माझी मागणी आहे.